'हम दोनो' : मुक्त जॅझच्या इतिहासातले एक गोमंतकीय नाव

१/ मुक्त जॅझचे श्रेय बहुधा एकट्या अमेरिकेला दिले जाते. ऑर्नेट कोलमन यांनी १९५९ पासून ती वाट रूढ केली, हे खरेच. मात्र त्याच सुमारास लंडनमध्ये जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट स्वतंत्रपणे तोच शोध घेत होते. पुढे मुंबईत जन्मलेला एक गोमंतकीय गिटारवादक त्यांचा सहप्रवासी झाला.

२/ हॅरियट यांचा जन्म १९२८ मध्ये किंग्स्टन येथे झाला. अल्फा बॉइज स्कूल या संस्थेत ते वाढले, तेथेच वादन शिकले आणि १९५१ मध्ये इंग्लंडला पोहोचले. त्यांच्या पंचकात ट्रम्पेटवर सेंट व्हिन्सेंटचे शेक कीन होते, बासवर जमैकाचे कोलरिज गूड. वसाहतींतून आलेले हे वादक साम्राज्याच्या राजधानीत एकत्र आले होते.

३/ नोव्हेंबर १९६० मध्ये या पंचकाने 'फ्री फॉर्म' ध्वनिमुद्रित केले. कोलमन यांचे 'फ्री जॅझ' ध्वनिमुद्रित झाले ते त्यानंतरच्या महिन्यात. ठरलेला ताल, स्थिर लय, आधी योजलेली स्वरसंगती, मात्रांची बांधीव विभागणी यांपैकी किमान एक घटक प्रत्येक रचनेत राखून बाकी सारे, प्रसंगी, सोडून देता येते, अशी हॅरियट यांची भूमिका होती.

४/ मग वादन टिकते कशावर? परस्परांच्या ऐकण्यावर. कुही, उमरेड, भंडारा या पट्ट्यातील खडी गंमत पाहिलेल्यांना हे नवे वाटणार नाही. तेथेही हातात लिखित संहिता नसते. समोरच्याच्या शब्दावर शब्द सुचतो आणि ढोलकी त्याला सावरून घेते. फरक एवढाच की गंमतीला गण-गौळणीचा क्रम असतो. हॅरियट यांनी तसा क्रमही सैल केला.

५/ १९६५ पासून हॅरियट यांनी कोलकात्यात जन्मलेले संगीतकार जॉन मेयर यांच्यासह 'इंडो-जॅझ'चा प्रयोग केला. पाच जॅझ वादक आणि पाच भारतीय संगीत वाजवणारे, असा तो दुहेरी मेळ होता. त्याला लोकप्रियता लाभली. परंतु मेयर यांच्या लिखित रचनांमुळे त्यात पूर्वीची मुक्तता कमी उरली.

६/ आता मुंबईकडे वळू. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा आफ्रिकन-अमेरिकन वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेल्या तरुणांनी ही शैली झपाट्याने आत्मसात केली. हळदोण्याचे चिक चॉकलेट हे त्यांपैकी एक. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'तील (१९५१) जॅझच्या रंगामागे त्यांचा हात होता. अशा किती वादकांची नावे पडद्यावर आलीच नाहीत!

७/ याच परंपरेतून अमान्सिओ डिसिल्वा (१९३६-१९९६) घडले. साठच्या दशकात ते इंग्लंडला गेले. १९६९ मध्ये त्यांची 'इंटिग्रेशन' ही ध्वनिमुद्रिका निघाली आणि त्याच वर्षी हॅरियट यांच्यासह 'हम दोनो' तयार झाली. येथे सतार नाही, तबला नाही. रागांची चाल गिटारच्या तारांवर उमटते आणि सॅक्सोफोन तिला उत्तर देतो. त्यातील एका रचनेचे नावच 'बॅलड फॉर गोवा' आहे. भारतीयत्व दाखवण्यासाठी भारतीय वाद्यच हवे, हा समज ही ध्वनिमुद्रिका मोडते.

८/ पुढचा काळ कठोर होता. हॅरियट १९७३ मध्ये हलाखीत वारले. 'हम दोनो' दीर्घकाळ बाजारातून नाहीशी होती. डिसिल्वा यांचे 'कोंकण डान्स' तर त्या काळी प्रकाशितच झाले नाही. ते काही दशकांनी श्रोत्यांपर्यंत पोहोचले.

९/ त्यांचा वारसा मात्र पुसला गेला नाही. मेयर यांनी नव्वदच्या दशकात बर्मिंगहॅममध्ये इंडो-जॅझ वाद्यवृंद पुन्हा उभारला. १९९९ मध्ये शिकागोच्या केन व्हँडरमार्क यांनी हॅरियट यांच्या रचनांवर 'स्ट्रेट लाइन्स' ही संपूर्ण ध्वनिमुद्रिका केली.

१०/ उत्स्फूर्त वादनाची स्वरलिपी मागे उरत नाही. उरते ते ध्वनिमुद्रण. ते बाजारातून गेले की वादकाचे इतिहासातले स्थानही धूसर होते. डिसिल्वा यांच्या बाबतीत नेमके हेच घडले. म्हणून आधी 'फ्री फॉर्म' ऐकावे, मग 'हम दोनो'. नऊ वर्षांचे अंतर कानांना स्पष्ट जाणवेल.