भुताच्या आतला माणूस

भूतपट पाहताना लोकांना भुताची भीती वाटते. मला भुताची काळजी वाटते.

म्हणजे असं, की पडद्यावर पडक्या वाड्याचं दार करकरत उघडतं, वटवाघळं फडफडतात, नायिका (अशा अपरात्री, एकटीच, हातात मेणबत्ती घेऊन ती तिथे का आली हे विचारायचं नसतं) जिवाच्या आकांताने किंचाळते, शेजारी आमची ही पदर तोंडावर ओढून त्याच्या आडून सगळं व्यवस्थित पाहत असते, आणि माझ्या मनात येतं, ह्या बिचाऱ्याच्या पाठीवरची चेन कोण लावत असेल? अंगभर केस चिकटवलेले, नखं वीतभर. मग नाकाला खाज सुटली तर काय करत असेल? चहा आला तर कप कसा धरत असेल? आणि रोजचे मिळतात तरी किती?

"तुम्हाला सिनेमा पाहताच येत नाही," असं हिचं मत आहे. असेलही. मी काही चित्रपटांचा जाणकार नव्हे. भुतांचे, मारामारीचे आणि आकाशयानांचे चित्रपट मी पाहतो ते पाय लांब करून, चिवड्याची पुडी मांडीवर ठेवून. मध्यंतरापर्यंत कोण कोणाचा वैरी आहे ते कळावं आणि नंतर दोघांची एकदा गाठ पडावी, एवढी माझी माफक अपेक्षा असते. पण त्या आतल्या माणसाचं कुतूहल काही सुटत नाही. भुतांचे इतिहास पुष्कळ लिहिले गेलेत. आतल्या माणसाचा मला तुकड्यातुकड्यांनीच गोळा करावा लागला.

आपल्याकडचा आरंभ तर भुतापासून नाही, थेट देवादिकांपासूनच आहे. दादासाहेब फाळक्यांना १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती व्हायला एकही बाई मिळेना, तेव्हा त्यांनी खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके नावाच्या तरुणाला लुगडं नेसवलं. पुढे १९१७ साली 'लंकादहन'मध्ये ह्याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशी दोन्ही कामं केली. म्हणजे सीता हरवल्यावर रानोमाळ शोक करत हिंडणारा राम हा खरं पाहता स्वतःलाच शोधत होता. वेदान्ती मंडळींना ह्यात बराच अर्थ सापडेल. मला एवढंच वाटतं, की दोन्ही भूमिकांचे पैसे वेगवेगळे मिळाले असावेत.

पण भुतांमधला खरा थोर माणूस म्हणजे बोरिस कारलॉफ. १९३१ सालच्या 'फ्रँकेन्स्टाइन'मधला तो चौकोनी कपाळाचा, मानेत खिळे असलेला राक्षस. (फ्रँकेन्स्टाइन हे नाव खरं त्या राक्षसाला बनवणाऱ्या शास्त्रज्ञाचं. पण घरमालकाच्या पाटीवरून भाडेकरूला हाक मारावी, तसं लोकांनी ते राक्षसालाच चिकटवून टाकलं.) कारलॉफचं मूळ नाव विल्यम हेन्री प्रॅट. घर लंडनचं, वडील ब्रिटिश सरकारच्या हिंदुस्थानातल्या मिठाच्या खात्यात नोकरीला. अशा घरातल्या मुलाने सरकारी खुर्चीत बसायचं सोडून नाटक कंपनीची वाट धरली, म्हणजे घरात काय बोललं गेलं असेल ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. कारलॉफ घराबाहेर पडला तो कॅनडामार्गे अमेरिकेत. ट्रक चालव, ओझी उचल, मधेच एखादी किरकोळ भूमिका कर, असं करता करता चाळिशी उलटली, आणि मग हे राक्षसाचं काम आलं.

रोज सकाळी जॅक पीअर्स नावाचा रंगभूषाकार त्याच्या डोक्यावर कापूस आणि चिकट द्रावण थापत बसे. चार तास! गाल खोल दिसावेत म्हणून कारलॉफने आपल्या कृत्रिम दातांचा एक भाग काढून ठेवला होता. पायांत शिशासारखे जड बूट. आणि त्या अवतारात नायकाला खांद्यावर टाकून टेकडी चढायची. ते दृश्य इतक्या वेळा घेतलं, की पाठीचं दुखणं त्याला जन्मभर पुरलं. एवढं करून चित्रपटाच्या सुरुवातीच्या नामावळीत त्याच्या नावाच्या जागी काय होतं? प्रश्नचिन्ह. नुसतं '?'. लोकांना गूढ वाटावं म्हणून. मला नाही गूढ वाटलं. मला पगारपत्रकावर आपल्या नावासमोर '?' आहे असं दिसलं आणि पोटात गोळा आला.

त्याच चित्रपटात राक्षस तळ्याकाठी एका चिमुरड्या मुलीबरोबर खेळतो असा प्रसंग आहे. त्या चित्रणाला निघताना, हा राक्षस पाहून पोर भेदरेल म्हणून सगळे धास्तावले होते. ती आली आणि मोटारीत सरळ राक्षसाच्या शेजारी जाऊन बसली, असं सांगतात. मोठ्यांना राक्षस दिसत होता. तिला आतले काका दिसले असणार.

आणि ह्या राक्षसाने पुढे केलं काय? युनियन काढली! १९३३ साली हॉलिवूडच्या नटांची संघटना उभी राहिली, तिच्या पहिल्या मंडळींत कारलॉफ होता. रात्रंदिवस लांबणारं चित्रण, विश्रांतीचा पत्ता नाही, ह्याचा अनुभव त्याच्याइतका कोणाला असणार? मालकांना पडद्यावरच्या राक्षसाची भीती नव्हती, तो त्यांनीच बनवलेला होता. पण रंग पुसून समोर येऊन बसलेला, कामाचे तास मोजणारा राक्षस! खरा भयपट तो. त्याच वर्षी तो एका चित्रपटासाठी विलायतेला गेला, तेव्हा सरकारी नोकऱ्यांत मुरलेले त्याचे भाऊ भेटले. हा आता तोंड फिरवतील म्हणून धास्तावलेला. प्रत्यक्षात छायाचित्र काढायची वेळ आली तेव्हा राक्षसाशेजारी कोणी उभं राहायचं ह्यावरून भावांमध्येच चढाओढ लागली. माणसं सगळीकडे सारखीच.

इकडे मुंबईत तोवर वाडिया बंधूंनी नादियाला घोड्यावर बसवलं होतं. मूळची मेरी इव्हान्स, जन्म ऑस्ट्रेलियात, वाढली हिंदुस्थानात, सर्कशीतही काम करून आलेली. १९३५ सालच्या 'हंटरवाली'त ह्या निळ्या डोळ्यांच्या, दणकट बांध्याच्या बाईने चाबूक उगारून दुष्टांना असं काही झोडपलं, की पिटातले लोक खुर्च्यांवर उभे राहिले. त्या काळी आतला माणूस आणि बाहेरचा माणूस वेगळे नव्हते. आगगाडीच्या टपावर नादिया मारामारी करताना दिसली, तर टपावर खरोखरच नादिया असे. तिच्या चित्रपटांतल्या घोड्याचं नाव 'पंजाब का बेटा' आणि मोटारीचं नाव 'रोल्स रॉइस की बेटी'. हे चित्रपट निघत तो परळचा स्टुडिओ पुढे व्ही. शांतारामांनी घेतला आणि त्याचं 'राजकमल' झालं. म्हणजे जिथे आधी हंटर वाजला तिथेच नंतर घुंगरू वाजले.

वाडियांच्या कामात पुढे नाव काढलेले बाबूभाई मिस्त्री हे आणखी एक वल्ली. १९३७ सालच्या 'ख्वाब की दुनिया'त अदृश्य माणसाच्या करामती दाखवायच्या होत्या. विलायती यंत्रसामग्री नव्हती. बाबूभाईंनी काळा पडदा लावला आणि वस्तू काळ्या दोऱ्याने हलवल्या. झालं! पेला आपोआप उचलला जातो, लोक तोंडात बोटं घालतात आणि बाबूभाई बाजूला उभं राहून दोरा ओढतात. लोकांनी त्यांचं नावच 'काला धागा' पाडलं. हल्लीच्या चित्रपटांत अशा कामासाठी शेकडो माणसांची नामावळी वर सरकत जाते, तेव्हा मला तो दोऱ्याचा रीळ आठवतो.

रामसे मंडळींचा मार्गही साधारण हाच. एफ. यू. रामसे हे मूळचे रामसिंघानी. कराचीत रेडिओचं दुकान होतं, गोऱ्या गिऱ्हाइकांना सोपं जावं म्हणून आडनाव कापलं, आणि फाळणीनंतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला पुन्हा दुकान थाटलं. १९७० साली त्यांनी काढलेला 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' हा चित्रपट आपटला. पण मुखवटा घालून चोरी करणाऱ्या पृथ्वीराज कपूरचं एक दृश्य आलं, की लोक घाबरून खूश होतात, हे त्यांच्या मुलांनी थेटरात बसून हेरलं. मग काय! सात भाऊ. एकाने कॅमेरा घेतला, एकाने आवाज, एकाने लेखन, दोघांनी दिग्दर्शन, आणि सगळं बिऱ्हाड महाबळेश्वरला नेऊन १९७२ साली 'दो गज जमीन के नीचे' काढला. आपण महाबळेश्वरला जातो ते स्ट्रॉबेरी आणायला, ही मंडळी भूत घेऊन आली. पुढे 'पुराना मंदिर'मध्ये (१९८४) सामरी नावाचं जे ताडमाड भूत आहे, ते अजय अगरवाल हे शिक्षणाने इंजिनिअर! हे कळल्यावर हिची भीती पार गेली. "चांगल्या शिकलेल्या घरातला दिसतोय," असं ती म्हणाली आणि पुढचा चित्रपट तिने पदर न ओढता पाहिला.

मारामारीच्या चित्रपटांत आतल्या माणसाचे हाल आणखी. 'शोले'त (१९७५) बसंतीचा टांगा उधळतो तेव्हा आपण हेमामालिनीच्या नावाने टाळ्या वाजवल्या. टांग्यावर पुष्कळदा होती रेश्मा पठाण. टांगा उलटून ती जखमीही झाली आणि पुन्हा कामावर उभी राहिली. स्टंट करणाऱ्यांच्या मुंबईतल्या संघटनेची ती पहिली बाई सभासद. टाळ्यांचा तेवढा हिशेब मात्र अजून वळता झालेला नाही.

विज्ञानपटांकडे मी थोडा उशिरा वळलो. तिथे तर खलनायकसुद्धा संयुक्त कुटुंब पद्धतीने चालतो. 'स्टार वॉर्स'मधला काळ्या शिरस्त्राणाचा डार्थ व्हेडर पाहा. शरीर डेव्हिड प्राउज ह्या ब्रिस्टलच्या वजनं उचलणाऱ्या गड्याचं, आवाज जेम्स अर्ल जोन्सचा, दुसऱ्या-तिसऱ्या चित्रपटांतली तलवारबाजी बॉब अँडरसनची, आणि १९८३ साली शेवटी शिरस्त्राण उतरलं तर आत चेहरा सबॅस्टियन शॉचा. प्राउजने चित्रणाच्या वेळी सगळे संवाद आपल्या गावाकडच्या हेलात इमानाने म्हटले होते. ते पुसून टाकले. जोन्सची तऱ्हा उलटी. पहिल्या चित्रपटात त्याने आपलं नाव घालू नका म्हणून स्वतःच सांगितलं. कोणाला '?' मिळतं, कोणी मागून घेतं.

'एलियन'मधल्या (१९७९) प्राण्याच्या आत बोलाजी बदेजो नावाचा नायजेरियाचा विद्यार्थी होता. उंची सहा फूट दहा इंच. लंडनमधल्या एका दारूच्या गुत्त्यात कोणाच्या तरी नजरेला पडला. शेपटीमुळे त्याला खुर्चीत बसता येईना, म्हणून त्याच्यासाठी खास झोपाळा टांगला होता. अंतराळातला सर्वांत क्रूर जीव, आणि दोन दृश्यांच्या मधल्या वेळात झोपाळ्यावर! त्याने आयुष्यात हा एकच चित्रपट केला.

"आता सगळं संगणकावर होतं मामा, आत कोणी नसतं," असं माझा भाचा म्हणाला. मी त्याला 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या (२००२) गॉलमचं उदाहरण दिलं. तिथेही अँडी सर्किस नावाचा नट अंगाला घट्ट कपडे घालून, ठिपके लावून दगडांवरून रांगत होताच की! भाचा गप्प बसला. असं वरचेवर होत नाही, म्हणून नमूद करून ठेवतो.

राहता राहिला गॉडझिला. समुद्रातून निघून शहर तुडवणारा तो जपानी अजस्र प्राणी. अमेरिकेतल्या 'किंग काँग'सारखा (१९३३) बाहुला एकेका चौकटीला हलवून चित्रण करायचं तर सात वर्षं लागतील, असा हिशेब निघाला. तेव्हा त्यांनी रबराचा अंगरखा केला आणि आत हारुओ नाकाजिमाला घातला. पहिला अंगरखा सुमारे शंभर किलोंचा. चार पावलं टाकली की माणूस कोसळे. शेवटी तो मधोमध कापला आणि नुसत्या पायांच्या दृश्यांसाठी वापरला. दुसरा हलका म्हणायचा, इतकंच. हत्ती-अस्वलं कशी चालतात ते पाहायला नाकाजिमा प्राणिसंग्रहालयात जाऊन बसत असे. आणि ती प्रसिद्ध डरकाळी? माणसाएवढ्या व्हायोलिनसारखं एक वाद्य असतं, त्याच्या सैल केलेल्या तारांवर राळ लावलेला चामडी हातमोजा घासून ती काढली.

हा मूळ चित्रपट मी हसायच्या तयारीने लावला होता. १९५४ सालच्या १ मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटावर हैड्रोजन बाँबची चाचणी केली. एका जपानी मच्छीमार बोटीवर ती राख पडली. बोटीवर तेवीस जण होते; रेडिओ सांभाळणारा सप्टेंबरात वारला. ३ नोव्हेंबरला हा चित्रपट लागला. त्याची सुरुवातच समुद्रात एक बोट जळण्याने होते. दिग्दर्शक इशिरो होंडा युद्धातून सुटून घरी परतताना हिरोशिमावरून आला होता. चित्रपटात शहर पेटतं तेव्हा एक बाई भिंतीला टेकून मुलांना कवटाळून बसली आहे. आता लवकरच आपण बाबांकडे जाणार, अशी ती त्यांची समजूत घालते. बाबा कुठे आणि कसे गेले, हे त्या थेटरात बसलेल्यांना समजावून सांगावं लागलं नसेल. नऊच वर्षं झाली होती. तिथे मला चेन आठवली नाही, खाज आठवली नाही. ही नेहमीप्रमाणे पदराआडून पाहत होती. पदर खाली आला तो डोळे पुसायला.

अमेरिकेत १९५६ साली हाच चित्रपट नेला, तेव्हा मधे एक अमेरिकन वार्ताहर घुसवला आणि बाँबचा उल्लेख बराच पातळ केला. साहजिक आहे.

नाकाजिमा मात्र त्या रबरात अठरा वर्षं उभा राहिला. बारा चित्रपट! १९५४ सालीच तो कुरोसावाच्या 'सेव्हन सामुराय'मध्ये एका दरोडेखोराच्या भूमिकेत होता, पण तिथे तो कोणाला दिसला असेल असं वाटत नाही. १९७२ साली त्याने अंगरखा शेवटचा उतरवला. पुढे कंपनीने पगारी नट कमी केले आणि त्याला काही काळ आपल्याच आवारातल्या बोलिंगच्या अड्ड्यावर कामाला पाठवलं. तिथे लोक रांगेत उभ्या केलेल्या वस्तू पाडायला येत, आणि त्यासाठी वर स्वतःचे पैसे मोजत.