एका रुपयाचे युद्ध

इतिहासाचे नाव निघाले की आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील माणसाची मान आपोआप सिंदखेडराजाकडे वळते. जिजाऊंचे जन्मस्थान ज्या जिल्ह्यात आहे त्याने इतिहासाच्या बाबतीत थोडा ताठा मिरवला, तर कोणी नावे ठेवू नयेत. पण आज जो इतिहास मी वाचकांपुढे मांडणार आहे, त्याची ना बखर आहे, ना ताम्रपट. तो घडला खामगाव, चिखली, मलकापूर अशा गावांच्या बाजारपेठेत, सायकलदुरुस्तीच्या दुकानाशेजारच्या एखाद्या अंधाऱ्या गाळ्यात, प्लायवूडच्या उभ्या पेट्यांसमोर. आणि तो घडवला शाळा सुटल्यावर दप्तरासकट तिकडे धावणाऱ्या पोरांनी. १९९० नंतरच्या पंधराएक वर्षांत गावोगाव आलेल्या आणि तितक्याच गुपचूप निघून गेलेल्या व्हिडिओ गेमच्या दुकानांचा हा इतिहास आहे. त्या पोरांपैकी मी एक.

गाळ्यात पेट्या तीन-चार असत, पण गर्दी एकीभोवतीच. तिचे नाव ‘मुस्तफा’. खेळाचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला आणि त्याची कथा घेतली मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या चित्रकथांवरून. त्यात वीर चार : जॅक, हॅना, मेस आणि मुस्तफा. मूळ कथेचा नायक जॅक. पण आमच्या पोरांना त्याचे काय? चौघांत चपळ कोण, तर टोपीवाला मुस्तफा. धावत येऊन लाथ मारावी तर त्यानेच. शिवाय चार परक्या नावांत हेच एक ओळखीचे. म्हणून नुसत्या बुलढाण्यातच नव्हे, तर देशभरच्या गावांत साऱ्या खेळालाच मुस्तफा म्हणू लागले. अमेरिकेतील गोष्ट, जपान्यांचा खेळ, आणि त्याचे बारसे केले आमच्या पोरांनी! कोणत्याही कंपनीच्या कचेरीत न विचारता झालेले हे बारसे आजतागायत टिकले आहे.

या मारामारीच्या खेळांची वंशावळ फार जुनी नाही. जपानमधील टेक्नॉस कंपनीच्या योशिहिसा किशिमोतो या गृहस्थाने आपल्या शाळकरी वयातील हाणामाऱ्या आठवून १९८६ साली ‘कुनिओ-कुन’ हा खेळ रचला. लगेच पुढच्या वर्षी त्याचाच ‘डबल ड्रॅगन’ आला. त्यात दोन भाऊ खांद्याला खांदा लावून गुंडांशी लढतात; आणि दोघे खेळाडू शेवटपर्यंत जगलेच, तर सोडवून आणलेल्या मुलीसाठी त्या दोघांनाच एकमेकांशी झुंजावे लागते. आपल्या वाचकांना महाभारतातील सुंद-उपसुंद आणि तिलोत्तमा आठवतील. मग १९८९ साली कॅपकॉमचा ‘फायनल फाइट’ आला आणि पुढच्या कित्येक खेळांनी त्याचाच कित्ता गिरवला. मुस्तफाही त्याच घराण्यातला. आठ टप्पे, प्रत्येक टप्प्याच्या शेवटी एक दांडगा शत्रू, आणि सर्वांच्या शेवटी एक महादैत्य. हे आमच्या जिल्ह्याला नवे कुठे होते? लोणारच्या विवरात दडून बसलेल्या लवणासुराला विष्णूने दैत्यसूदन होऊन मारल्याची कथा आमच्याकडे आजीच्या तोंडून ऐकलेली. फरक इतकाच, की ती ऐकायला रुपया पडत नसे.

या रुपयातच साऱ्या खेळाचे मर्म आहे. दुकानातील पेटी भाड्याची. खेळणारा जितक्या लवकर मरेल तितक्या लवकर दुसरा रुपया पडेल. मरण हेच तिचे उत्पन्न! म्हणून असे खेळ रचणारे शेवट तर लिहून ठेवत, पण तिथवर सहसा कोणी पोचू नये अशीही तजवीज करत. आमच्या गाळ्यात शेवट पाहिलेली मुले बोटांवर मोजण्याइतकी. त्यात माझा मोठा मावसभाऊ एक. एका रुपयात तो सहाव्या-सातव्या टप्प्यापर्यंत सहज जाई, आणि दोन-चार वेळा तर त्याने त्याच रुपयात खेळ पार केला. त्या दिवशी आम्ही धाकटे त्याच्यामागे श्वास रोखून उभे असू. भीती शत्रूची नसे; ती लाईट जाण्याची असे. भारनियमनाच्या दिवसांत आठव्या टप्प्यावर दिवे गेले, की गाळाभर जो हाय हाय असा आवाज उठे, तो एखाद्या घरी ऐकू आला असता तर शेजारी धावत आले असते.

आता दुसऱ्या घराण्याकडे वळू. एखाद्या पात्राची भूमिका घ्यायची, त्याच्या सोबत महिनोन् महिने प्रवास करायचा, आणि त्याचे बळ, विद्या, शस्त्रे तिळातिळाने वाढताना पाहायची, असे हे खेळ. त्यांचे मूळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या कागद-फाशांच्या खेळात आहे. युजी होरी यांचा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ १९८६ साली आणि हिरोनोबू साकागुची यांचा ‘फायनल फँटसी’ १९८७ साली निघाला, आणि जपानी घराघरांतून ही चाल रुजली. होरींच्या त्या पहिल्या खेळात मुले रात्री थांबताना पडद्यावरची एक सांकेतिक ओळ वहीत उतरवून घेत आणि दुसऱ्या दिवशी तीच भरून पुढे निघत. आपल्याकडचा मोक्षपट आठवा. परंपरा त्याचे नाव ज्ञानेश्वर माउलींशी जोडते. गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप, आणि शेवटच्या घरात मोक्ष. पात्र पायरीपायरीने वर चढते ही कल्पना आपल्याला परकी नाही.

मग हे खेळ आमच्या गाळ्यात का आले नाहीत? कारण उघड आहे. जो खेळ चाळीस तास चालतो, तो रुपयाच्या पेटीत घालून दुकानदाराने खायचे काय? हा खेळ विकत घेऊन घरी खेळण्याचा. एकदा पैसे मोजले की तो पुष्कळ दिवस पुरला पाहिजे. म्हणून त्यात कथा लांब, वाढ सावकाश. भाड्याच्या पेटीत खेळणारा मरायला हवा, विकतच्या खेळात तो टिकायला हवा. खेळाच्या शेवटाचे सारे तत्त्वज्ञान असे हिशेबाच्या वहीतून निघालेले आहे!

वयाची चाळिशी ओलांडल्यावर मी दोन्ही घराण्यांतील एकेक खेळ शेवटपर्यंत खेळलो. जुन्या पेट्यांतील खेळ संगणकावर चालवणारी ‘मेम’ नावाची आज्ञावली इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी १९९७ साली काढली. तिच्या कृपेने मुस्तफा भेटला. तासाभरात आठही टप्पे संपले, कारण एक कळ दाबली की नवा रुपया पडत होता, एकोणचाळीस पडले! शेवटचा शत्रू डॉक्टर फेसेंडेन कोसळला, आणि गाळ्यात ज्या अक्षरांकडे कोणी ढुंकून पाहत नसे ती सावकाश वाचली. कथा अशी, की सव्विसाव्या शतकात डायनोसॉर परत आले आहेत, चोरटे शिकारी त्यांना मारत आहेत, आणि हे चार वीर त्या मुक्या जनावरांच्या रक्षणासाठी लढत आहेत. इतक्या लाथाबुक्क्यांच्या पोटात अशी कनवाळू गोष्ट लपलेली होती.

दुसरा खेळ ‘फायनल फँटसी’चा १९९१ सालचा चौथा भाग. त्याला दोन महिन्यांच्या रात्री लागल्या. त्याचा नायक सेसिल हा काळ्या विद्येचा सरदार. राजाज्ञेने केलेल्या पापांचा त्याला वीट येतो. तो एका डोंगरावर जातो, आणि तिथे त्याच्यासमोर त्याचीच काळी प्रतिमा तलवार उपसून उभी राहते. तिच्यावर वार केला तर सुटका नाही; मार सोसत निश्चल राहिले तरच जिंकता येते. आणि बक्षीस काय? नायक उजळतो, पण मिळवलेले बळ जाऊन पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. आयुष्यभर बटणे बडवलेल्या माझ्या बोटांना ती दोन मिनिटे फार जड गेली.

गेल्या दिवाळीत मावसभाऊ पुण्याहून आला. तो आता तिथल्या एका कारखान्यात आहे. गुडघे दुखतात, चष्मा लागला आहे. मी हौसेने मुस्तफा लावून दिला. दोन टप्पे खेळून त्याने हात आखडले. म्हटले, “दादा, का थांबलास? रुपये हवे तितके आहेत.” तो म्हणाला, “रुपया जात नाई, त् जीव कायले लावाचा?” मग त्यानेच नेम केला : एकच रुपया, पुढे नाही. लगेच पाठ ताठ झाली, बोटे आठवू लागली. चौथ्या टप्प्यावर मेला. पण चेहऱ्यावर जे समाधान होते ते माझ्या एकोणचाळीस रुपयांच्या विजयात मला सापडले नव्हते.

तेव्हा मला दोन्ही घराण्यांतील भेद उमगला. भूमिकेच्या खेळात पात्र मोठे होते आणि आपण त्याच्यासोबत चालतो. मुस्तफा मात्र पहिल्या टप्प्यावर जेवढा असतो तेवढाच आठव्यावर. मोठा व्हायचा तो खेळणारा. दादाच्या बोटांतील ती कला कुठल्याही वहीत उतरवून ठेवलेली नाही. ती एका रुपयाच्या टंचाईतून आली आणि त्याच्यासोबतच जाईल.

ते गाळे आज मोबाइलच्या दुकानांनी भरले आहेत, आणि पेट्या भंगारात गेल्या. ज्यांच्याकडून हा इतिहास ऐकावा ती माणसे मात्र अजून चाळिशी-पन्नाशीतली आहेत आणि दिवाळीला गावी येतात. फराळाच्या ताटाभोवती त्यांना एकदा विचारावे, की तू कुठल्या टप्प्यापर्यंत गेला होतास, आणि कितीत? उत्तरातला आकडा लहान असेल तितका ऐकण्याजोगा. आणि घरातील नातवंड हातातल्या फोनवर काही खेळत बसले असेल, तर त्यालाही रागवण्याआधी एवढे विचारावे : यात मोठा कोण होतो आहे बाळा, तो का तू?