राजकोट (मालवण)
राजकोट हा सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण शहराच्या किनाऱ्यावरील शिवकालीन किल्ला आहे. गुजरातमधील राजकोट शहराशी त्याचा संबंध नाही.

छत्रपती शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. सिद्दी, पोर्तुगीज, इंग्रज अशा दर्यावर्दी सत्तांपुढे समुद्र हीच स्वराज्याची पश्चिम सीमा होती. परंतु जलदुर्गाला धोका जमिनीकडूनही असतो. त्यामुळे त्याच्या रक्षणार्थ मालवणच्या किनाऱ्यावर राजकोट, कोळंब खाडीच्या मुखाशी सर्जेकोट आणि किनाऱ्यालगतच्या खडकावर पद्मगड असे उपदुर्ग उभारण्यात आले. एकटा सिंधुदुर्ग पाहून ही संरक्षणयोजना ध्यानात येत नाही.

राजकोटाची मूळ तटबंदी आज बहुतांशी नामशेष झाली आहे. ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते येथे महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. तो २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला आणि राजकोटाचे नाव राज्यभर पोहोचले. किल्ल्याचा इतिहास मात्र त्या चर्चेत क्वचितच आला. २०२५ मध्ये येथे नवा, अधिक उंच पुतळा उभारण्यात आला. राजकोटावरून समोर सिंधुदुर्गाचा तट दिसतो.