मिशीवाली आई



आपल्या लांजा तालुक्यातल्या कुठल्याही वाडीवर जा. अंगणवाडीत सेविका बाई, मदतनीसही बाईच. बाप्या पोराला सोडायला आला, तरी बहुतेक वेळा उंबऱ्यावरूनच मागे फिरतो. “लहान पोरांचं बाईलाच जमतं,” असं आपणही म्हणतो.

पण या अंगणवाडीच्या मुळाशी एक पुरुष आहे. त्यांचं नाव गिजुभाई बधेका. गुजरातमधले हे वकील. स्वतःचा मुलगा झाल्यावर त्याला कसं वाढवावं, या विचारात त्यांनी इटलीच्या मारिया माँटेसोरी यांचं लेखन वाचलं. वकिली सोडली आणि १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केलं. तो काळ छडीचा. हा मोठ्या मिशांचा माणूस मात्र चिमुकल्यांत बसून गोष्टी सांगायचा, गाणी म्हणायचा. लोक त्यांना ‘मुछाळी मा’ म्हणू लागले, म्हणजे मिशीवाली आई!

१९२३ साली आपल्या ताराबाई मोडक भावनगरला जाऊन त्यांच्याबरोबर काम करू लागल्या. दोघांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढे १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. सोबतीला अनुताई वाघ होत्या. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. ती अंगणवाडी! २ ऑक्टोबर १९७५ला सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर गेला.

योजनेत सेविका-मदतनिसाची पदं बायकांसाठीच ठेवली. गावातल्या बाईला काम मिळालं, हे चांगलंच झालं. पण त्या कामाला पगार नाही, मानधन आहे. काम मायेचं ठरलं की मोबदलाही मायेपुरताच! सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं २०२२ साली, म्हणजे ४७ वर्षांनी.

गिजुभाई हे काम पोटातून शिकून आले नव्हते. वाचून, मुलांकडे बघून शिकले. ताराबाईही शिकल्याच. म्हणजे ही नुसती माया नव्हे, ही विद्या आहे. विद्येचा दाम मागताना लाजायचं कशाला?

आणि बाप्यांनाही ती शिकता येते. अंगणवाडीच्या पुढच्या पालकसभेला घरच्या बाप्याला घेऊन या. उंबऱ्यावर नको, आत बसवा. पोरांना एक गोष्ट सांगू दे त्याला.