पाकिटावरून सुटलेले तिकीट
कन्हान गावासमोर, नदीपलीकडे, कामठीची छावणी १८२१ मध्ये वसली, फौज मद्रासची. नागपूरचे राज्य खालसा झाले त्याच वर्षी, १ ऑक्टोबर १८५४ रोजी, अखिल भारतीय टपाल तिकिटे आली. पाव तोळ्याचे पत्र अर्ध्या आण्यात थेट मद्रासला! हे निळे, कडांना छिद्रे नसलेले तिकीट लक्षावधींनी छापले गेले. केवळ जुनेपणाने ते दुर्मिळ ठरत नाही. मोल ठरते ठशावरून. तिकिटावरील आकड्यावरून टपालघर ओळखता येते, नुसते ठिपके मात्र मुके. गावाचे नाव व तारीख पाकिटावर निराळी उमटे. म्हणून अखंड पाकीट मोलाचे. हौशी संग्राहकांनी तिकिटे तेवढी कापून घेतली; पत्र कामठीचे की कलकत्त्याचे, हे सांगणारा कागद टोपलीत गेला.