अण्णा कर्व्यांचा संसार

लोकसेवकांचीं चरित्रें आपल्याकडे बहुधा एकाच साच्यांतून निघतात. आरंभीं जन्मगांव आणि कुलवृत्तांत येतो, मग संस्थांच्या स्थापनेच्या तारखा आणि देणग्यांचे आंकडे येतात, आणि अखेरीस 'कौटुंबिक जीवन' या मथळ्याखालीं पत्नीच्या सोशिकपणाबद्दल चार गोड वाक्यें लिहून चरित्रकार मोकळा होतो. या चार वाक्यांवर आमचा आक्षेप आहे. धोंडो केशव कर्वे यांच्या बाबतींत तर ही रीत नुसती अपुरी नव्हे, इतिहासदृष्ट्या चुकीची ठरते. कारण अण्णांच्या लोकसेवेचा जमाखर्च त्यांच्या घरच्या जमाखर्चापासून वेगळा काढतांच येत नाहीं.

सुदैवानें या घराची हकीकत दोन्ही बाजूंनीं लिहिलेली आहे. अण्णांचें 'आत्मवृत्त' १९१५ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांच्या पत्नी आनंदीबाई, ज्यांना सारे 'बाया' म्हणत, त्यांचें 'माझें पुराण' १९४४ सालीं निघालें. एकाच संसाराबद्दल पतिपत्नी दोघांचीही साक्ष उपलब्ध असावी, असा योग आपल्या वाङ्मयांत विरळा. पण आमचे इतिहासलेखक पहिलें पुस्तक पुरावा म्हणून वापरतात आणि दुसरें गमतीखातर वाचतात. बायांची भाषा घरगुती आणि फटकळ आहे, एवढ्यावरून त्यांची साक्ष हलकी कां मानावी, हें आम्हांस कधीं समजलेलें नाहीं.

अण्णांची दानाची संवय पुण्याला जडली नाहीं, ती मुरुडची. दापोलीजवळच्या या समुद्रकांठच्या गांवीं त्यांचें बालपण गेलें. सोमण नांवाच्या गुरुजींच्या सहवासांत गांवच्या मंडळींना वर्तमानपत्र वाचून दाखविण्याचें काम या मुलानें अंगावर घेतलें. सहावीच्या परीक्षेसाठीं मुरुडाहून कुंभार्ली घाट चढून साताऱ्यास पायीं जावें, आणि तेथें पोंचल्यावर 'तूं सतरा वर्षांचा दिसत नाहींस' म्हणून परत पाठविलें जावें, ही त्यांची हकीकत पुष्कळांस ठाऊक आहे. ती सांगतांना लोक चिकाटीचा गौरव करतात. आम्हांला तींत दुसरी एक गोष्ट दिसते: या माणसाला शंभर मैल चालणें हा खर्चच वाटत नसे. पुढें पैसा आणि कष्ट यांविषयीं त्यांची जी मोजमापाची दृष्टि राहिली, तिचा उगम येथें असावा. स्वतःला जें सहज सोसतें तें घरच्यांनाही सोसेल, असें अशा माणसास वाटूं लागतें.

मुंबईस शिकत व शिकवीत असतां त्यांनीं मिळकतीचा कांहीं भाग परोपकारासाठीं बाजूस ठेवण्याचा नेम केला. गांवच्या सुधारणेसाठीं 'मुरुड फंड' निघाला. गांवाबाहेर चाकरी करणाऱ्यांनीं उत्पन्नाचा ठराविक हिस्सा त्यांत घालावा, अशी योजना होती. गणिताचा पदवीधर आपल्या सदसद्विवेकालाही हिशेबाच्या वहींत बसवितो, याचा हा चांगला नमुना.

१८९१ हें वर्ष त्यांच्या आयुष्यांतलें वळण. त्या सालीं पहिली पत्नी राधाबाई वारली आणि त्याच सालीं फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे अध्यापक म्हणून ते पुण्यास आले. ११ मार्च १८९३ रोजीं त्यांनीं गोदूबाई या विधवेशीं विवाह केला. गोदूबाई त्यांच्या मित्राची, नरहरपंत जोशी यांची बहीण, आणि पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांतील पहिली विधवा विद्यार्थिनी. लग्नानंतर त्यांचें नांव आनंदीबाई झालें. नवदंपती मुरुडास गेलीं तेव्हां गांवानें बहिष्कार पुकारला. कर्वे ज्या बैठकींत असतील तेथें कोणीं बसूं नये, आणि घरच्यांनीं त्यांना आश्रय दिल्यास त्यांनाही वाळींत टाकावें, असे ठराव झाले. ज्या गांवासाठीं त्यांनीं फंड जमविला त्याच गांवीं त्यांना आईच्या पंक्तीला बसतां येईना. अण्णा हें सांगतांना आवाज चढवीत नाहींत. गणिताचें उत्तर मांडावें तसें मांडतात. त्या घरांतली आई आणि वडील बंधु भिकाजीपंत यांच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याचा विचार मात्र वाचकानें स्वतः करावयाचा आहे.

या अनुभवावरून त्यांनीं जो धडा घेतला तोच पुढें घरांत बोंचला. पुनर्विवाहाची चळवळ थोड्यांपुरती राहणार. विधवांना शिक्षण देऊन स्वतःच्या पायांवर उभें करावें, तर तें समाज हळूहळू तरी सहन करील, असें त्यांनीं ठरविलें. १८९६ मध्यें अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन झाली. या संस्थेचा पुनर्विवाहाशीं संबंध नाहीं, हें लोकांना पटणें जरूर होतें. नाहींतर एकही बाप आपली मुलगी तेथें पाठविता ना. म्हणून अण्णांनीं पुनर्विवाहाच्या मंडळीचें चिटणीसपण सोडलें. आणि म्हणूनच, पुनर्विवाहित म्हणून, बायांनीं आश्रमापासून दूर राहावें असें ठरलें. स्वतः शारदासदनांत शिकलेली, विधवेचें दुःख अंगानें भोगलेली, आणि काम करण्यास उत्सुक अशी एक बाई; विधवांच्या आश्रमांत तिला जागा नव्हती, कारण तिनें आश्रमाच्या संस्थापकाशीं लग्न केलें होतें! बायांना हा अन्याय वाटला आणि त्यांनीं तो वाटल्याचें लिहूनही ठेवलें.

येथें निकाल देणें सोपें नाहीं. अण्णांचा अंदाज व्यवहारतः खरा ठरला, हें आम्ही मान्य करतों. १९०० सालीं प्लेगच्या भयानें आश्रम हिंगण्यास हलला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनीं सहा एकर जमीन आणि साडेसातशें रुपये दिले, आणि त्या माळरानावर एक झोपडी उभी राहिली. पहिलीं दोन वर्षें अण्णा दिवसा कॉलेजांत शिकवीत आणि संध्याकाळीं शहरांतून वाणसामान घेऊन चिखल तुडवीत हिंगण्यास जात. मुली तेथें एकट्या राहूं नयेत म्हणून रात्रही ते तेथेंच काढीत. मुलींची संख्या वाढत गेली. बायांना जवळ ठेवलें असतें तर ती वाढली असती काय? त्या काळचें पुणें ज्यांना ठाऊक आहे त्यांना होकार देतां येणार नाहीं. पण शहाणपणाच्या निर्णयाचीही किंमत असते, आणि ती कोणीं मोजली हें लिहिणें इतिहासकाराचें काम आहे. अण्णा हिंगण्यास निजत तेव्हां शहरांतल्या घरीं लहान मुलांपाशीं कोण जागत होतें, याचें उत्तर 'सोशिकपणा' या एका शब्दांत मावत नाहीं.

पैशाचेंही तेंच. फर्ग्युसनच्या आजीव सभासदांचा पगार त्या काळीं बेताचा होता. त्यागावर चालणाऱ्या संस्था आपल्या अध्यापकांच्या बायकांना त्याग करणार का असें क्वचितच विचारतात. (हें वाक्य आमच्या व्यवसायांतील मंडळींस बोंचेल, तर बोंचो.) त्या पगारांतून उरलेले हजार रुपये अण्णांनीं आश्रमाच्या आरंभींच देऊन टाकले आणि आयुष्याच्या विम्याची पॉलिसीही संस्थेच्या नांवें करून दिली. विमा हा मुळीं विधवेसाठीं उतरवावयाचा! एकदां वैधव्य भोगलेल्या स्त्रीला ही बातमी कशी लागली असेल? ती रडली यांत नवल नाहीं. नवल हें कीं ती रडून बसली नाहीं. बायांनीं सुइणीचें शिक्षण घेतलें, चार पैसे मिळविले, मुलें वाढविलीं, आणि पुनर्विवाहाचें जें काम नवऱ्यानें संस्थेसाठीं बाजूस ठेवलें होतें तें स्वतःच्या रीतीनें चालू ठेवलें.

बायांची बहीण पार्वतीबाई आठवले विधवा राहिली, म्हणून तिला आश्रमाचे दरवाजे उघडे होते. १९०२ पासून तिनें तेथें काम केलें, फंडासाठीं थेट अमेरिकेपर्यंत ती जाऊन आली. एका आईच्या दोन मुलींपैकीं एक आश्रमाच्या आंत आणि एक बाहेर. या दोन बहिणींमध्यें जें बोलणें झालें असेल त्याची नोंद असती तर त्या काळच्या सुधारणेचा इतिहास आम्ही निराळ्या तऱ्हेनें लिहिला असता.

तथापि या घरांत प्रेम नव्हतें असें कोणीं समजूं नये. तक्रार करणारीं माणसेंच बहुधा एकमेकांना धरून असतात. बायांचें पुराण वाचतांना नवऱ्यावरचा राग आणि त्याच्याबद्दलचा अभिमान एकाच वाक्यांत भेटतात. १९१६ मध्यें महिला विद्यापीठ निघालें, १९२० मध्यें सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं पंधरा लाखांची देणगी देऊन आपल्या मातोश्रींचें नांव त्यास जोडलें. हा सारा इतिहास प्रसिद्ध आहे, म्हणून त्यांत आम्ही शिरत नाहीं. आम्हांला अधिक मोलाचा वाटतो तो १९३० च्या अखेरीस निघालेला आफ्रिकेचा प्रवास. सत्तरी उलटलेले अण्णा फंड गोळा करण्यास निघाले आणि या वेळीं बाया बरोबर होत्या. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीं ज्यांना आश्रमाच्या फाटकाबाहेर ठेवलें, त्या आतां विद्यापीठासाठीं परदेशांत दारोदार हिंडत होत्या. तिकडे मोंबाशास मुलगा शंकर डॉक्टरकी करीत होता. म्हणजे देणगी मागतां मागतां आईबापांना लेकाच्या घरीं राहतां आलें. अण्णांच्या आयुष्यांत संसार आणि सेवा एकाच वाटेनें गेल्याचे प्रसंग थोडे, त्यांतला हा एक.

सगळ्याच मुलांनीं बापाचा कित्ता गिरविला असें नाहीं. प्रत्येकानें आपापला मार्ग धरला. थोरले रघुनाथराव संततिनियमनाच्या प्रसारासाठीं नोकरी गमावून बसले, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवूं लागले, आणि त्यापायीं कोर्टाच्या पायऱ्याही चढले. दिनकरराव फर्ग्युसनमध्यें रसायनशास्त्र शिकवीत प्राचार्यपदापर्यंत गेले. त्यांच्या पत्नी इरावतीबाईंचें नांव मराठी वाचकास सांगावयास नको. इतक्या भिन्न मतांचीं माणसें एका घरांत निपजलीं, हें अण्णांच्या गृहस्थपणाचें श्रेय आम्ही मानतों. मुलाला स्वतःच्या संस्थेंत ओढण्याचा मोह आपल्याकडे पुष्कळ संस्थापकांना आवरत नाहीं.

वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, १९३६ मध्यें, अण्णांनीं ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलें आणि पुण्याच्या गल्ल्यांतून वर्गणीसाठीं पुन्हां पायीं हिंडूं लागले. १९४४ मध्यें समता संघ काढला. त्याच सालीं बायांचें पुराण छापून आलें. २९ नोव्हेंबर १९५० रोजीं बाया वारल्या. १९५८ मध्यें अण्णांच्या शंभरीनिमित्त त्यांच्या चित्राचें टपालतिकीट निघालें आणि त्यांना भारतरत्न मिळालें. ९ नोव्हेंबर १९६२ रोजीं, एकशें चौथ्या वर्षांनंतर, ते गेले. हिंगण्याच्या त्या माळाला आतां लोक कर्वेनगर म्हणतात.

ज्या वाचकांना हा विषय मुळांतून पाहावयाचा असेल त्यांनीं दोन्ही पुस्तकें ग्रंथालयांतून एकदम आणावीं, आणि नेहमींचा क्रम उलटून 'माझें पुराण' आधीं वाचावें.