इंग्लंडमधील मिडल स्कूल आणि स्थानिक परिषदा

१९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर इंग्लंडमध्ये मूल अकरा वर्षांचे झाले की माध्यमिक शाळेत जाई. कोणत्या शाळेत, हे बहुतेक ठिकाणी त्याच वयातल्या परीक्षेवर ठरे. वेस्ट रायडिंगचे शिक्षणाधिकारी अ‍ॅलेक क्लेग यांनी १९६३ मध्ये नऊ ते तेरा वयाच्या मुलांसाठी वेगळी शाळा सुचवली. १९६४ च्या कायद्याने तिला परवानगी दिली. १९६७ च्या प्लाउडेन अहवालाने आठ ते बारा या वयोगटाचा पुरस्कार केला. १९६८ मध्ये हेम्सवर्थ भागात पहिल्या मिडल स्कूल उघडल्या.

परिषदांना ही योजना पटण्यामागे इमारतींचा हिशेबही होता. परीक्षेने होणारी वाटणी मोडून सर्वांना एकाच माध्यमिक शाळेत घ्यावे, असे सरकारने १९६५ मध्ये सांगितले होते. शाळा सोडण्याचे किमान वयही पुढे पंधरावरून सोळा झाले. खालचे वर्ग मधल्या शाळेत हलवले की जुन्या इमारती पुरत.

हाच हिशेब नंतर उलटला. जन्मदर घटल्याने १९७० च्या दशकाच्या अखेरीस वर्ग रिकामे पडू लागले. १९८८ च्या कायद्याने राष्ट्रीय अभ्यासक्रमाचे टप्पे सात, अकरा आणि चौदा या वयांवर आखले. मिडल स्कूलचे विद्यार्थी टप्पा अर्ध्यावर असतानाच शाळा बदलत.

त्यामुळे परिषदांपुढे मिडल स्कूल बंद करण्याचे प्रस्ताव आले. दोनदा शाळा बदलल्याने मुले मागे पडतात, असे बदलाचे समर्थक म्हणत. लहान वयातच प्रयोगशाळा आणि विषयशिक्षक मिळतात, असे विरोधक सांगत. प्रस्ताव प्रसिद्ध करणे आणि लोकांच्या हरकती मागवणे परिषदांना बंधनकारक होते. सफोक परिषदेने २००७ मध्ये मिडल स्कूल मोडीत काढायचे ठरवले आणि ते काम टप्प्याटप्प्याने पुरे केले. आइल ऑफ वाइटवरही त्या बंद झाल्या. नॉर्थम्बरलंड काउंटीत ब्लाइथ आणि क्रॅमलिंग्टन येथे प्राथमिक आणि माध्यमिक अशी दोन स्तरांची रचना आली. हेक्सहॅम आणि मॉर्पेथ येथे मात्र मिडल स्कूल टिकल्या.

एकाच काउंटीत असे वेगळे निर्णय झाले, कारण सत्ता, पैसा आणि पालकांचा आग्रह यांचे बळ प्रत्येक गावी निराळे होते. अकरा वर्षांच्या मुलाला कोणती शाळा मानवते, हा मूळ प्रश्न या व्यवहारात मागे पडला. शाळेची रचना बदलताना परिषदेने आधी त्याचेच उत्तर द्यायला हवे होते.